डागाखालची तारीख

“साहेब, डाग निघेल का?”

धोंडिरामांनी शाळेचा दाखला माझ्या टेबलावर ठेवला. हरताळामुळे ट्राम बंद होत्या. ते आणि त्यांची मुलगी सुमन लालबागहून ठाकूरद्वारला चालत आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या त्या दिवसांत माझा फोटो स्टुडिओ बऱ्याचदा अर्ध्या शटरवरच चाले.

धोंडिराम गिरणीत रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईच्या खात्यात होते. सुमनला नर्सिंगला जायचं होतं. फॉर्म भरताना तिच्या हातून निळ्या शाईची दौत दाखल्यावर कलंडली, नेमकी जन्मतारखेवर. नर्सिंग शाळेच्या मेट्रनबाईंनी सांगितलं, तारीख वाचता आली तरच फॉर्म घेईन. गावच्या शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लं होतं, त्यामुळे दुसरा दाखला मिळणार नव्हता.

“डाग निघणार नाही,” मी म्हटलं. “पण त्याच्या आरपार बघता येईल कदाचित.”

इन्फ्रारेड म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश. डोळ्यांना तो दिसत नाही, खास फिल्मला दिसतो. साध्या बल्बमधूनही तो भरपूर निघतो. बऱ्याच निळ्या शाया या प्रकाशात पारदर्शक होतात. लेन्सवरचा फिल्टर दिसायला ठार काळा. डोळ्यांना दिसणारा उजेड तो अडवतो आणि इन्फ्रारेड तेवढा आत सोडतो.

फोकस केला, फिल्टर चढवला, दोन मोठे दिवे लावले. फिल्म धुतली. डाग साफ गायब! आणि तारीखही गायब. तीही तसल्याच शाईने लिहिलेली होती.

मी निगेटिव्हवर भिंग धरलं. तारखेच्या जागी पुसट रेघा होत्या. कारकुनाने आधी पेन्सिलीने लिहून वरून शाई गिरवली असणार. पेन्सिल इन्फ्रारेडमध्येही काळीच राहते. रेघा पुसट आल्या ती चूक माझी. इन्फ्रारेडचा फोकस डोळ्यांच्या फोकसपेक्षा थोडा मागे पडतो, हे मी घाईत विसरलो होतो. लेन्स किंचित पुढे सरकवून पुन्हा फोटो काढला.

या वेळी दिवस, महिना, साल, सगळं स्वच्छ आलं. महिना सातवा. प्रवेशाच्या वयाला सुमन दोन महिने कमी पडत होती. दाखल्यावरची तारीख आधी कुणी नीट वाचलीच नव्हती, घरी सगळे मे महिना धरून चालले होते.

धोंडिराम हळूच म्हणाले, “साहेब, तुम्ही रिटचिंग करता ना? साताचा पाच होईल की.”

“चेहऱ्यावरचे व्रण काढतो मी. हे नाही जमायचं.”

“पोरीचं वर्ष जाईल हो!”

“जाऊ दे, बाबा,” सुमन म्हणाली. “उद्या कुणी विचारलं तर मला उत्तर द्यायचंय. आहे तसाच द्या फोटो.”

दुसऱ्या दिवशी मी निगेटिव्ह घेऊन त्यांच्याबरोबर गेलो. मेट्रनबाईंनी ती खिडकीकडे धरून बराच वेळ पाहिली. म्हणाल्या, “या बॅचला नाही घेता येणार. पण दाखला मी मान्य करते. पुढच्या बॅचला ये.”

सुमन पुढच्या बॅचला गेली आणि नर्स झाली. धोंडिराम मात्र वर्षभर माझ्याशी तुटकच बोलत.

तेव्हापासून इन्फ्रारेडचं काम घेण्याआधी मी गिऱ्हाइकाला एवढंच विचारतो, “खाली जे निघेल ते चालेल ना?”