भिंतीपलीकडचे हात

पूल अर्धा झाला तेव्हा थोरलीनं पुन्हा पिशवीत हात घालून डबा चाचपला.

"आहे गं बाई, आहे," शिवणवाली म्हणाली. "नदीत उडी मारून पळाला नाही तो."

थोरली हसली. तिचं हसू उजव्या गालावरच उमटायचं. डावा गाल गेली नऊ वर्षं जागचा हलला नव्हता. डावा डोळाही पुरता मिटत नसे. पुलावरच्या वाऱ्यानं त्यातून पाणी गळत होतं आणि ती रुमालानं टिपत होती. बसनं आल्या असत्या तर वारा लागला नसता, पण बसमध्ये माणसं समोरासमोर बसतात. म्हणून जाताना पाऊण तास, येताना पाऊण तास, दोघी पायी. घरची स्कूटर धाकट्या बहिणीनं नेली होती, उद्यासाठी केस करून घ्यायला.

डब्यात नवं कॅप्चर कार्ड होतं, साबणाच्या वडीएवढं. आधीचं धाकटीनं परवा रागाच्या भरात वायरीसकट हिसडून फोडलं होतं.

शिवणवाली ही थोरलीची शाळेपासूनची मैत्रीण. देवाचं नाव घेतल्याशिवाय मशीनला पाय लावत नाही, आणि खोटं बोलायची वेळ आली की गप्प बसते. कार्ड म्हणजे काय ते थोरलीनं तिला तिच्याच भाषेत समजावलं होतं. गेमच्या यंत्रातून एक धागा निघतो, तो कार्डात जातो, आणि तिथून त्याचे दोन होतात. एक टीव्हीला, एक कॉम्प्युटरला. खेळायचं टीव्हीकडे बघून, कारण तिथं चित्र लगेच दिसतं. कॉम्प्युटरवर ते किंचित मागून पोचतं, पण जगाला दाखवलं जातं ते तेच.

ही विद्या थोरलीनं फोटो स्टुडिओत मिळवली. आधी ती तिथं काउंटरला होती. चेहरा गेला, तसं मालकानं तिला मागच्या खोलीत बसवलं. "गिऱ्हाईक दचकतं," एवढंच म्हणाला, आणि तेही तिच्यासमोर. मागच्या खोलीत लोकांच्या लग्नाच्या जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायचं काम. तीन तासांची कॅसेट उतरायला तीनच तास लागतात आणि तिला सोडून उठता येत नाही; मध्येच टेप अडकली की सगळं मुसळ केरात. परक्यांची हसरी तोंडं किती बघणार? मालकाच्या मुलानं टाकून दिलेला गेम तिथंच धूळ खात पडला होता. ती खेळायला लागली. पाच वर्षं, रोज सात-आठ तास. स्टुडिओ बंद पडला तेव्हा तिचे हात असे झाले होते, की त्यांच्यापुढं टिकेल असा माणूस गावात नव्हता. हे गावाला ठाऊकच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

घरी कळलं. धाकटी दिसायला नक्षत्र, बोलायला फटाका, आणि खेळात भोपळा. तिला इंटरनेटवर लाइव्ह गेम खेळून दाखवणारी व्हायचं होतं. आईनं दोघींना समोर बसवून निकाल दिला. "देवानं एकीला हात दिले, एकीला तोंड दिलं. भांडू नका. वाटून घ्या."

शिवणवालीला यात देवाची साक्ष काढलेली फार लागली होती. आईनं आपली सोय आपल्या नावावर करावी, देवाच्या कशाला?

मग थोरलीनं अडगळीच्या खोलीत टीव्ही मांडला आणि भिंतीला स्वतः भोक पाडलं. गेम, टीव्ही आणि कार्ड अलीकडे. कार्डाची एक वायर भोकातून पलीकडे, पुढच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला. तिथं धाकटी कॅमेऱ्यासमोर बसे, हातात बिनकामाचा कंट्रोलर घेऊन, आणि पडद्यावर जे चाललंय तशी बटणं दाबल्याचं सोंग करी. किंचाळे, कपाळाला हात लावी, केस मागे टाकी. खेळायची थोरली. बघणारे म्हणायचे, काय पोरगी आहे!

पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला. धाकटीनं भोकातून शिव्या घातल्या. मग थोरलीला आठवलं, गेमच्या यंत्रात चित्र कुणी उतरवून घेऊ नये म्हणून एक कुलूप असतं. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं लागतं. तिनं ते बंद केलं आणि पलीकडे चित्र उजळलं.

"चोराला दार मीच उघडलं बघ," ती आता पुलावर म्हणाली. "माझ्याच हातानं."

"एकदा नाही म्हणून बघ की."

"बघितलं. मागच्या महिन्यात अंथरुणातून उठलेच नाही. आईसाहेबांनी माझा चहा बंद केला, आणि धाकटीनं लोकांना सांगितलं, मला ताप आहे. घर फुलांनी भरलं. ती फुलं पाण्यात कुणी घालून ठेवली? मीच."

"अगं पण नाव तरी टाक म्हणावं तुझं."

"मागितलं होतं. खाली कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात. म्हणाली, 'ताई, नाव टाकलं की लोक तोंड मागतात.'"

मागून एक सायकलवाला आला. जवळून जाताना त्यानं थोरलीकडे वळून बघितलं, आणि पुढं गेल्यावर पुन्हा वळून बघितलं.

"पड आता," थोरली शांतपणे म्हणाली. तो पडला नाही.

पूल उतरून दोघी गोदामांच्या रस्त्याला लागल्या. इथं वारा कमी होता. थोरलीनं रुमाल घडी करून कमरेला खोचला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"त्या दिवशी वायर निसटली, मी बसवायला पुढच्या खोलीत गेले आणि कॅमेरा चालू होता. ते बघितलंस ना तू?"

शिवणवालीनं बघितलं होतं. सगळ्यांनीच बघितलं होतं. अर्ध्या मिनिटाचा तुकडा: धाकटीच्या खांद्यामागून अचानक वर आलेला तो चेहरा, खाली भराभर धावणारी अक्षरं, हे भूत कोण, आणि धाकटीचं खळखळून हसणं. "घाबरू नका रे! आमची कामवाली आहे. चावत नाही." तो तुकडा महिनाभर फोनाफोनांतून फिरला. कुणी त्याला रडका आवाज लावला, कुणी गाणं.

"बघितलं," ती म्हणाली.

"हसलीस?"

एका गिऱ्हाइकानं मापं देता देता फोन पुढं केला होता. शिवणवालीच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या सांडतील इतकी ती हसली होती, आणि मग तिनं गाल ओळखला होता. त्या रात्री देवासमोर बसली तर तोंडातून नाव निघेना.

"हसले गं," ती म्हणाली. "ओळखायच्या आधी."

थोरलीनं मान हलवली, जणू कुणी वेळ सांगितली असावी.

"बरं झालं खोटं बोलली नाहीस. आता तुला सांगता येईल. उद्या पाच वाजता मोठी स्पर्धा. आजवर बघत नव्हते इतके लोक बघणार. गेमच्या कंपनीची माणसं बघणार, जाहिरातीला धाकटीला घ्यायचं का ते ठरवणार. मला मध्यात थांबायचंय. कंट्रोलर खाली ठेवायचा आणि उठायचं. पलीकडे ती बटणं दाबत बसेल, ओरडत बसेल, आणि पडद्यावरचा माणूस खांबासारखा उभा राहून मार खाईल. सगळ्यांसमोर. काय ते लोकांना बघू दे."

"तिचं वाटोळं होईल."

"हो," थोरली म्हणाली. उजवा गाल हसला. "केस मात्र छान दिसतील."

"मग ठेव खाली. मला कशाला सांगतेस?"

"ठेवता येत नाही. मागच्या आठवड्यात मुद्दाम हरायचं ठरवून बसले होते. हातांनी ऐकलं नाही. मार आला की आपोआप चुकवतात. मेले तिच्यासाठी जिंकले." तिनं दोन्ही पंजे समोर धरून बघितले, दुसऱ्याच कुणाचे असावेत तसे. "टीव्हीसमोर असेपर्यंत ते थांबणार नाहीत. मला कुणीतरी उठवून न्यायला पाहिजे."

घर दिसायला लागलं होतं. दारात स्कूटर उभी होती. म्हणजे धाकटी परतली होती. खिडकीतून आईचा आवाज आला, "मिळालं का गं कार्ड? का गेलीस तशी आलीस?"

"मिळालं!" थोरलीनं ओरडून सांगितलं. मग शिवणवालीचा दंड धरून तिला कोपऱ्यावरच थांबवलं.

"उद्या बरोबर साडेपाचला ये. अडगळीच्या खोलीचं मागचं दार आहे, ते वाजव. मला हाक मार, वर्गात मारायचीस तशी, पूर्ण नावानं. मोठ्यानं, भोकातून पलीकडच्या माइकमध्ये गेली पाहिजे. मी आले की टेप काढ आणि मापं घे. खांदा, छाती, बाही, सगळी. सावकाश घे, दोन-दोनदा घे, आणि काही झालं तरी मला आत सोडू नकोस. तुला खोटं बोलायला नको म्हणून सांगते, मला खरंच नवा ड्रेस शिवायचाय. येशील ना?"