दोरीच्या कडेकडेनं

मैदानाच्या बरोबर मध्यभागी चार खुंट्या, त्यांना बांधलेली निळी नायलॉनची दोरी, आणि आत रोलर फिरवून, पाणी मारून, लाडक्या लेकरासारखी निजवलेली क्रिकेटची पीच... ओल्या लाल मातीचा तो वास आजही आठवतो, आणि अजून चीडच येते.

आमचं गाव पनवेलजवळ, नेऱ्याच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. एमेका सर नायजेरियाहून आलेले. आधी कोलकाता, मग मुंबईचे क्लब असं पगारावर खेळता खेळता गुडघा गेला आणि ते जवळच्याच विचुंब्याला भाड्याच्या खोलीत येऊन राहिले, बोलीही इथलीच शिकले. तिथून स्कूटरवर आमच्या गावात फुटबॉल शिकवायला येत. मुलांना क्रिकेटशिवाय दुसरा देव नव्हता, म्हणून त्यांच्या वाट्याला आम्ही मुली आलो. मैदान क्रिकेट मंडळाचं आणि मंडळ माझ्या काकांचं. काकांनी संध्याकाळचा तास दिला, पण दोरी ओलांडायची नाही या अटीवर.

मग काय, आम्ही कडेकडेनंच खेळायचो. डावीकडून पळा, उजवीकडून पळा. चुकून बॉल दोरीच्या आत गेला की खेळ थांबायचा, आणि भरल्या स्टेडियममध्ये खेळलेला तो धिप्पाड माणूस गाभाऱ्यात शिरावं तसा बूट काढून, अनवाणी, चवड्यांवर जाऊन बॉल घेऊन यायचा. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अहो, भांडा की जरा! पण सर हसून म्हणायचे, पाहुण्यानं घरातल्या माणसांशी भांडू नये.

पुढे काकांनी नवीच अट घातली. पनवेलच्या स्पर्धेत पहिला सामना जिंकलात तर मैदान तुमचं, नाहीतर संध्याकाळसुद्धा आमची. त्या तासाखेरीज माझ्याकडे माझं म्हणावं असं काही नव्हतं.

पनवेलचं मैदान सपाट, मोकळं, दोरी कुठेच नाही... आणि शिटी वाजताच आम्ही दोन्ही कडांना पांगलो. मधे कोणीच नाही! समोरच्या मुली बाजारात भाजी घ्यायला निघाल्यासारख्या मधून चालत येऊन गोल करत होत्या. सर बाहेरून घसा फोडून ओरडत होते, "मदी जा गो, मदी!" कळत होतं सगळं, पण पाय वळत नव्हते. ज्यांनी कडेनं पळायला शिकवलं तेच आता मधे जा म्हणत होते, याचा संताप मला सामनाभर पुरला.

काका संध्याकाळी ओट्यावर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरींनी परदक्षिना चांगली घातली, परसाद काय भेटला नाय."

तास गेला. सर मात्र गेले नाहीत. कडेनं का होईना, वाऱ्यासारखी पळते म्हणून मला घेऊन ते मुंबईतल्या आपल्या जुन्या क्लबात निवडचाचणीला गेले. निवड झाली. राहण्याजेवणाची सोय होत होती, पण नववीतली शाळा सुटत होती. बाबा नाही म्हणत राहिले आणि सर रोज येऊन ओट्यावर बसत राहिले. शेवटी चिकाटीला कंटाळूनच बाबांनी हो म्हटलं असावं. आज जे काही आहे ते त्या बसण्यामुळे... हे त्यांना सांगायला गेलं की ते विषय बदलतात, तोही एक वैताग.

आता मी मस्कतला एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते. शिक्षण नववी, त्यामुळे व्हिसाच्या नूतनीकरणाची वेळ आली की क्लबाची सगळी प्रमाणपत्रं काढून पुन्हा पुन्हा लावत बसते. कामावरून सुटल्यावर गॅसवर डाळ चढवते, कुकरच्या वाफेनं खिडकी धुरकटते, आणि नेमका तेव्हाच सरांचा फोन येतो. माझी काळजी करून करून त्यांनी मला जेरीस आणलंय. परवा त्यांनी विचारलं, तिथं कोणी घरी जेवायला बोलावतं का? मी म्हटलं, बोलावतात की, खूप माणसं आहेत.

ते वैतागूनच म्हणाले, "खोटा नको बोलू. मी पन आयशीला असाच सांगायचो."