जोत्याची उंची

मला पगार काळजी करण्याचा मिळतो. नोकरी लागली तेव्हा बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "अगं, ते तर तू लहानपणापासून फुकट करतेस." खोटं नाही. मला एका जागी बसवतच नाही. फोनवर बोलताना फेऱ्या, चहा होईपर्यंत फेऱ्या, रिक्षाच्या रांगेतही चुळबुळ. मागे उभी असलेली बाई एकदा वैतागून म्हणाली होती, "अहो, जायचंय का कुठे घाईने? तर जा पुढे, पण शांत उभ्या राहा."

आमची कंपनी दुसऱ्यांचा डेटा सांभाळते. ठाण्याला खाडीच्या अंगाला आमची इमारत आहे. आत सर्व्हरच्या रांगा, आणि ते तापू नयेत म्हणून दिवसरात्र थंडगार हवा. वीज गेली की मागच्या खोलीतले डिझेल जनरेटर सुरू होतात. माझ्याकडे दोन कामं. एक, कंपनीला नेट झिरोकडे ढकलायचं, म्हणजे आपल्यामुळे हवेत जाणारा कार्बन कमी करत करत शेवटी हिशोब शून्यावर आणायचा. दुसरं, बदलत्या हवामानाचा आपल्याला काय धोका आहे त्याचा तक्ता भरायचा. पूर, उष्णता, पाणीटंचाई, प्रत्येकासमोर 'कमी', 'मध्यम' किंवा 'जास्त'.

पहिल्या कामात माझा जीव होता. गच्चीवर आणि पार्किंगच्या छपरांवर सोलार बसवायचं म्हणून मी दोन वर्षं भांडत होते. किती प्रेझेंटेशनं केली, किती जणांचे टोमणे ऐकले! शेवटी त्या वर्षी वरचे लोक तयार झाले, पण एका अटीवर. यंदा एकच मोठं काम होणार. पुराचा धोका 'कमी' असेल तर सोलार. 'जास्त' असेल तर आधी जनरेटर उंचावर न्यायचे, सोलार मग कधीतरी. मी निश्चिंत होते. पुरासमोर 'कमी' मीच लिहिलं होतं, इमारतीचा नकाशा बघून. नकाशात स्वच्छ लिहिलं होतं, जोतं रस्त्यापासून तीन फूट वर.

मीटिंग शुक्रवारी होती. त्याआधीच्या रविवारी डोंबिवलीला आमच्या बिल्डिंगसमोर रस्त्याचं काँक्रीट चाललं होतं. आम्ही तळमजल्यावर राहतो, बाबा आणि मी. बाबा सकाळपासून दारात उभे राहून मुकादमाशी हुज्जत घालत होते. "जुना रस्ता खरवडा आधी! त्याच्यावरच ओतताय होय?" मुकादम हो हो म्हणत होता आणि ओतत होता. बाबा तणतणत आत आले.

"पाच पायऱ्या चढून आपण या घरात सामान आणलं होतं," ते म्हणाले. "आता दीड उरली. आपलं घर खाली गेलं का? नाही. रस्ता वर आला."

मी चहाचा कप तोंडापर्यंत नेलेला, तसाच खाली ठेवला. आमचा ऑफिसचा नकाशा इमारत बांधली तेव्हाचा होता. तीन फूट वर, पण कुठल्या रस्त्यापासून? त्यानंतर त्या रस्त्यावर किती वेळा डांबर पडलं, किती वेळा काँक्रीट? अख्खं आयुष्य मी पायऱ्या गिळणाऱ्या रस्त्यावर राहतेय, आणि तरी ही गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. इतका संताप आला स्वतःचा! बाबांना "येते" म्हटलं आणि रिक्षा, बस करत ठाण्याला पोचले.

जनरेटरच्या खोलीत ड्यूटीवर काका होते. काका म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, तिथलेच भूमिपुत्र. त्यांचे वडील मिठागरात राबायचे, आणि आमची इमारत आहे तिथे त्यांचं भाताचं शेत होतं. रविवारी मला बघून ते दचकले. मी टेप काढला. ते काही न विचारता दुसरं टोक धरून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पुढच्या बाजूला जोतं रस्त्याच्या जेमतेम चार बोटं वर होतं. मागे जनरेटरची खोली रस्त्याच्या खाली होती. चांगली वीतभर खाली.

"काका, तुम्ही कधी बोलला नाहीत?"

"बोललेलो ना ताई. गेल्या पावसाच्या आधी तुमालाच बोललेलो. तुमी बोललात, नकाशात तसं नाय."

मला आठवलं. मी फाइल घेऊन घाईत चालले होते आणि खरंच असं म्हणाले होते. वर हसलेही होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचे चार दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. कोणाला कळणार होतं? तपासणारे कागद तपासतात, आणि कागदावर तीन फूट होतं. 'पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी करणे' असं एक वाक्य टाकलं की सोलार पास. मी ते वाक्य टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं. मला सोलार हवं होतं हो, अगदी हट्टाने हवं होतं. गुरुवारी बॉस मॅडमना सगळं सांगितलं. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "आत्ता? उद्या मीटिंग आहे! तुझंच काम आहे ना ते? तूच पाडणार?"

पाडलं. शुक्रवारी सगळ्यांसमोर सांगितलं की माझी चूक झाली, नकाशावर विसंबले, धोका 'जास्त' आहे. पाच मिनिटांत सोलार गेलं. जनरेटर लोखंडी चौथऱ्यावर चढवायचं ठरलं, आणि पाऊस लागायच्या आत ते झालंही. नेट झिरोच्या तक्त्यात त्या वर्षी दाखवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.

आणि मग पाणी आलंच नाही. जून गेला, जुलै गेला. कँटीनमध्ये कोणीतरी मुद्दाम मोठ्याने विचारायचं, "काय मग, बोटी मागवायच्या का?" मी हसायचे आणि आतून जळायचे. उधाणाच्या भरतीच्या वेळा मला पाठ झाल्या होत्या. त्या वेळेला मी काही ना काही निमित्त काढून मागच्या गेटला जाऊन उभी राहायचे.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले. मी छत्री न घेताच मागे धावले. काका गेटबाहेर वाकून खाडीकडच्या नाल्यात बघत होते. नाला काठोकाठ भरला होता.

"चढतंय का काका? येतंय ना आत?" मी विचारलं.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आवाजात काय होतं ते त्यांनी बरोबर ओळखलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"ताई," ते म्हणाले, "इथं पानी येल ना, तं आधी माझ्या घरात येल. त्या झाडाच्या मागंच हाय माझा घर. नातीला खाटंवर बसवून आलोय."

दोन वर्षं मी तो तक्ता भरत होते. त्यात सर्व्हर होते, जनरेटर होते, लिफ्टसुद्धा होती. झाडामागच्या घरांची ओळच नव्हती.

"तुम्ही घरी जा काका," मी म्हटलं. "इथे मी थांबते."

ते चप्पल हातात घेऊन निघाले. पाणी वाढत होतं. ओहोटी लागायला अजून तास होता, आणि मी तिथे भिजत उभी राहून जीव तोडून म्हणत होते, मी खोटी पडू दे, सगळ्यांसमोर खोटी पडू दे.