परब सरांचा आकडा

“हे गेले गो... सकाळी च्याय घेतल्यांनी, खुर्चेर बसले, ते उठाकच नाय.” आचऱ्याहून काकींचा फोन आला तेव्हा मी कणकवलीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. काकी म्हणजे परब सरांच्या पत्नी, आणि सर म्हणजे पुण्यात ज्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली ते माझे मार्गदर्शक. मुलांना काचेची भांडी धुऊन ठेवायला सांगितलं आणि निघाले. त्याला आता काही आठवडे झाले.

सरांचं आयुष्य एका प्रश्नात गेलं. थराथरांच्या प्लास्टिकमधून द्रावक आत कसं शिरतं? एकमेकांत मिसळायला तयार नसलेल्या दोन पॉलिमरच्या साखळ्या टोकाला टोक जोडून टाकल्या, की त्यांना एकत्र नांदता येत नाही आणि वेगळंही होता येत नाही. मग त्या आपापल्या जातीच्या साखळ्यांकडे सरकतात आणि मऊ, कडक, पुन्हा मऊ, पुन्हा कडक असे अतिशय पातळ थर तयार होतात. याला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. अशा प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यावर, म्हणजे फिल्मवर, रंगाच्या थिनरसारख्या द्रावकाची वाफ सोडायची आणि फिल्मचं वजन कसं वाढतं ते बघत बसायचं, हे आमचं काम. मऊ थर वाफ लगेच पितो, कडक थर अडवतो. कडक थरातून द्रावक किती वेगाने सरकतं, याचा आकडा सरांनी तरुणपणी काढला होता आणि परदेशातल्या प्रयोगशाळांतही तो त्यांच्या नावाने ओळखला जाई.

माझ्या फिल्म मात्र त्या आकड्याला जुमानेनात. मी त्या जितका जास्त वेळ तापवून ठेवी, तितके थर सरळ, नीटस होत आणि द्रावक तितकं सावकाश आत जाई. खूप वेळ तापवलेल्या फिल्ममध्ये तर ते अडूनच बसलं. मग लक्षात आलं... सरांच्या जुन्या फिल्ममध्ये द्रावक कडक थर ओलांडत नव्हतंच. थर जिथे तुटले होते, तिथून ते वळसा घालून आत जात होतं.

मे महिन्याची सुट्टी होती. सर आचऱ्याला आले होते, मी मसुऱ्याला घरी. आलेख पिशवीत घालून मी एसटीने त्यांच्याकडे गेले. पडवीत बसून त्यांनी एकेक कागद पाहिला. प्रयोगशाळेत ते कायम प्रमाण मराठीत बोलत. त्या दिवशी मालवणीत म्हणाले, “मगे माझो आकडो चुकलो.”

“चुकलो नाय, सर. तो भेगांचो आकडो आसा. थरांचो नाय.”

त्यांनी अंगणापलीकडच्या गडग्याकडे, दगडी कुंपणाकडे, बघितलं. गेल्या पावसात त्याचं एक टोक ढासळलं होतं आणि शेजाऱ्यांची गुरं तिथूनच आत येत. “खिंडारातून येणारी ढोरां मोजलंय,” ते म्हणाले, “आणि गडगो कितको उंच ता सांगत बसलंय.” हसले, पण जेवताना त्यांचं लक्ष ताटात नव्हतं.

पुण्याला परतल्यावर त्यांनी सगळे प्रयोग स्वतःच्या हातांनी पुन्हा केले. उत्तर माझंच आलं. विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवलं, की या मुलीचा शोधनिबंध येऊ दे, जुन्याबद्दल कोण विचारतंय. सरांनी ऐकलं नाही. आपला निष्कर्ष टिकत नाही, असं त्यांनी तो आकडा छापणाऱ्या नियतकालिकाला स्वतःच्या सहीने कळवलं. त्यानंतर एका मोठ्या प्रकल्पातून त्यांचं नाव गळलं. कारण कुणी सांगितलं नाही.

ते सगळं त्यांनी हसत पचवलं, असं लिहिणं सोपं आहे. पण तसं झालं नाही. कितीतरी महिने ते माझ्याशी कामापुरतंच बोलत. आमच्याबरोबर चहाला येणं बंद झालं. माझी तोंडी परीक्षा झाल्यावर जिन्यात थांबून म्हणाले, “वायट वाटला गो. नाय म्हटलंय तर ता खोटा ठरतला. पण तुझ्यामुळे नाय हां.” एवढंच. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर आमच्या आधी येऊन बसले होते.

निवृत्तीनंतर सर आचऱ्याला राहिले, मी कणकवलीत नोकरीला लागले आणि जाणं-येणं वाढलं. गप्पा बहुतेक द्रावकांच्याच. काकी कंटाळून आत जात.

परवा पुन्हा गेले होते. काकींनी मला सरांच्या टेबलाशी बसवलं आणि कॉम्प्युटर सुरू केला. पत्रं अजून येतात, म्हणाल्या. तो जुना आकडा इंटरनेटवरच्या कुठल्या कुठल्या तक्त्यांत अजून आहे; तो वापरून गणित जमत नाही, असं कुणी ना कुणी विचारतं, आणि सर दर वेळी स्वतः उत्तर द्यायचे. एक नवं पत्र आलेलं होतं, लांबच्या कुठल्याशा देशातल्या विद्यार्थिनीचं.

“ह्येका आता उत्तर कोण देतलो?” काकींनी विचारलं.

मी लिहायला बसले. सर गेल्याचं आधी कळवावं, की आकड्याचं आधी... जरा अडले. मग लिहिलं: तो आकडा वापरू नका, तो तुटलेल्या थरांचा आहे; बरोबर आकडा सोबत देत आहे. सर वारल्याचं त्याच्याखाली लिहिलं.