बाबांना सांगून आलेलं स्थळ

माझ्या बाबांना दुर्गहून स्थळ सांगून आलं, तेव्हा माझी आई आत पोहे परतत होती.

फोन स्पीकरवर होता. (स्टील प्लांटच्या खडखडाटात नोकरी केल्यापासून बाबांना त्याशिवाय ऐकूच येत नाही.) "बाई शाळेत मास्तरीण आहेत, स्वभावानं शांत," पलीकडून आवाज आला. कढईतला झारा थांबला.

"हे तुमाले कावून फोन करून राहिले?" आई बाहेर आली.

कारण मी! आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही कंप्युटरचा. इथल्या मराठी मंडळाच्या वधू-वर केंद्रासाठी मी मोठ्या ऐटीत सर्व्हरवर डेटाबेस उभा केला होता. तो चालतो का, हे तपासायला एक खोटा नवरदेव हवा होता. स्वतःचं नाव टाकायची लाज वाटली, म्हणून बाबांचं टाकलं. खरं वय, खरा नंबर, 'स्वतःचं घर, निर्व्यसनी'. आणि काढायला विसरलो.

आईला राग आला तो भलत्याच गोष्टीचा. "निर्व्यसनी? अन् मंग तंबाकूचा खर्रा कोन खाते?"

मी ताबडतोब नाव खोडलं. दुसऱ्या दिवशी राजनांदगावहून फोन! पुन्हा खोडलं, पुन्हा फोन! सुरक्षेसाठी मी पासवर्ड तर कडक ठेवलाच होता. वर कोणी छेडछाड केलीच तर रोज पहाटे जुन्या प्रतीवरून सगळं पूर्ववत व्हावं, अशी सोयही केली होती. ती प्रत बाबांसकट घेतलेली! मी दिवसा त्यांना खोडायचो, सर्व्हर पहाटे त्यांना पुन्हा उपवर करायचा. हे मला (ग्रॅज्युएटला!) कळेपर्यंत रविवार उजाडला.

रविवारी स्मृति नगरची मंडळी माझ्या बहिणीला, वैशूला, पाहायला आली. मुलगा वैशूला आधीच आवडलेला. पण मुलाच्या काकांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"एक विचारू का जी? केंद्रात पोराईमध्ये तुमचंबी नाव हाय. तुमीच बोहल्यावर उभे राहान, त पोरीचं कन्यादान कोन करन?"

बाबांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "याचा प्रताप आहे. कंप्युटर शिकला ना पोरगा!"

काका खो खो हसत सुटले. "मंग असं सांगा न! मले वाटलं काही भानगड हाय. आमच्या घरीबी एक शिकेल हाय. यानं त आमच्या..."

"काका, रहने दो ना!" नवरा मुलगा सतरंजीत तोंड लपवायच्या बेतात होता.

सोयरीक जमली. पत्रिकेतले गुण नंतर पाहिले. आधी दोन्ही घरचे अवगुण जुळले. आमच्या बाजूचे सगळे मी एकट्यानं पुरवले.