शनिवारचा मिस्त्री

ताईचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. उठली की आधी चहा नाही, आधी जमीन पुसायची. स्वयंपाकघराची जमीन म्हणजे नुसता कोबा. माझ्या भाऊजींनी लग्नाच्या वर्षी घाईत टाकलेला, 'पुढे लाद्या बसवू' म्हणून. ढाळ नीट धरला नव्हता. मोरीचं पाणी रात्रभर झिरपायचं आणि ओट्याखाली तळं व्हायचं. ते फडक्याने टिपायचं, बादलीत पिळायचं, मग चहा, मग डबे. उजाडायच्या आत ती इस्पितळाच्या लॉन्ड्रीत हजर.

तिथलं काम मी पाहिलंय. मशीनमधून निघालेली ओली चादर दगडासारखी जड असते. दोघींनी दोन टोकं धरायची, झटकायची, ताणायची आणि गरम रुळाखाली सोडायची. हात मागे घ्यायला जरा उशीर झाला की भाजलंच. दिवसभर उभं. मी जन्मभर विटा रचल्या, ओझं कशाला म्हणतात ते मला कळतं. ते काम गवंडीकामापेक्षा हलकं नाही.

भाऊजी गवंडी. मीही गवंडी, त्यांच्याच हाताखाली शिकलो. सोमवार ते शुक्रवार ठेकेदाराकडे, शनिवार मोकळा. ताईनेही लॉन्ड्रीत भांडून शनिवारची सुट्टी मिळवली होती. त्या बदल्यात ती रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की कामावर जायची. तिचा हिशेब सरळ होता. शनिवारी दोघं घरी असतील, हळूहळू घर पुरं होईल.

तो शनिवार शाळेने नेला.

चर्चच्या मागे पत्र्याची एक खोली होती. मोडक्या खुर्च्या आणि मेणबत्त्यांचे खोके ठेवायची. फादर नवे आले होते, अंगाने काडी, आवाजाने ढोल. एका रविवारी मिस्सा संपल्यावर म्हणाले, "आपल्या मुलांना शाळा हवी. पैसे नाहीत. ज्यांना हात आहेत त्यांनी शनिवारी यावं."

भाऊजींना हात होते. पहिल्या शनिवारी दहा-बारा माणसं आली, पुढच्या वेळी निम्मी, त्यानंतर भाऊजी, मी आणि एक सुतार. पत्रा काढला, भिंती उंचावल्या, खिडक्या बसवल्या. बाक नव्हते. चर्चमधल्या गुडघे टेकायच्या फळ्या आणून मुलं त्यांवर बसायची आणि रविवारी फळ्या परत जायच्या. पुढे तीन सिस्टर आल्या. मुलं वाढली. मग एकाच्या चार खोल्या झाल्या, पुढे ओसरी, मग कुंपणाची भिंत. भाऊजी एक शनिवार चुकवत नव्हते. विसार घेतलेलं एखादं काम हातात असेल तेवढाच अपवाद.

शेजारची शिवणकाम करायची. एका शनिवारी तिने खिडकीतून विचारलं, "काय गं, मिस्टर दिसत नाहीत?"

"सवतीकडे गेलेत," ताई म्हणाली.

"अगं बाई! कोण ती?"

"चार खोल्यांची आहे. आता तिला ओसरी हवीय."

शेजारणीने हसता हसता बोटात सुई टोचून घेतली. ताई हसली नाही.

भाऊजी वाईट नव्हते, हे आधीच सांगतो. दारू नाही, पत्ते नाहीत. आवाज चढवलेला मी ऐकला नाही. म्हणून तर ताईची पंचाईत. नवरा दुसऱ्या बाईकडे जात असता तर चार माणसं तिच्या बाजूने उभी राहिली असती. शाळेकडे जाणाऱ्या नवऱ्याविरुद्ध कोणाकडे बोलायचं? लोक उलट म्हणायचे, "नशीबवान आहेस." ती मान हलवायची आणि घरी येऊन भांडी आपटायची.

शनिवारी भाऊजी दाढी करून जायचे. ताईच्या नजरेतून ते सुटत नव्हतं. "सिमेंट कालवायला दाढी लागते?" ती विचारायची. शाळेच्या कोणत्या खिडकीची कडी सैल आहे हे त्यांना तोंडपाठ. घरच्या दाराला कडीच नव्हती, दोरी होती.

भाचीला त्याच शाळेत घातलं. घराजवळ दुसरी शाळा नव्हती. पहिल्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी ताईला थांबवून पायऱ्या दाखवल्या. "बघा, तुमच्या मिस्टरांनी कडा गोल केल्यात. मुलांना लागू नये म्हणून. किती माया आहे हो त्यांच्या हातात!"

ताई तिथे हसली. संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसली, पोटरीवरचं सोललेलं दाखवलं.

"हे बघ. मोरीची कड दर आठवड्याला लागते. आणि तिच्या पायरीला गोल कड."

"ताई, मी येतो. मी घासून देतो कड."

"तू कशाला? तू काय माझा नवरा आहेस?"

 मी हळद आणायला उठलो.

ती शाळेकडे बघायची नाही. मिस्सेला जाताना चर्चला वळसा घालून पलीकडच्या दाराने आत जायची. असं मला वाटायचं. पण एकदा सुट्टीच्या दिवशी माझा ओळंबा शाळेत राहिला होता, तो आणायला गेलो. पहिल्या खोलीचं दार उघडं. आत ताई. एकटी. हातात पाण्याची बाटली. तिने जमिनीच्या मधोमध पाणी ओतलं आणि वाकून बघत राहिली. पाणी सरळ रेषेत भिंतीकडे गेलं, कडेच्या पन्हळीत उतरलं आणि बाहेर पडलं.

मला पाहून ती दचकली नाही. "बघितलंस?" म्हणाली. "एक थेंब थांबला नाही."

मला तेव्हा कळलं की तिला शाळेतलं सगळं माहीत आहे. कुठे कोणती वीट, कुठला गिलावा कधी झाला. सवतीचे दागिने मोजावेत तसं.

खोटं कशाला लिहू, माझाही जळफळाट व्हायचा. घाम दोघांचा गळायचा, कौतुक एकट्या भाऊजींचं. पण ते माझं झालं. माझ्या शनिवारची वाट बघणारं घरी कोणी नव्हतं.

मग लाद्यांचा प्रकार घडला. एका व्यापाऱ्याने शाळेला लाल लाद्या दिल्या. चारही खोल्यांत बसवून थोड्या उरल्या. फादर म्हणाले, "मिस्त्री, या तुम्ही घरी न्या." भाऊजींचा चेहरा उजळला. मी आणि त्यांनी हातगाडीवर रचल्या, मध्ये पोती घातली, एकही फुटू दिली नाही. रस्ताभर ते मला कुठून सुरुवात करायची, कोपऱ्यात कशी कापायची ते सांगत होते. इतके खुशीत मी त्यांना घराच्या बाबतीत कधी पाहिलं नव्हतं.

ताई दारातच उभी होती.

"हे काय?"

"लाद्या. तुझ्या स्वयंपाकघराला. बहुतेक पुरतील."

"कुठल्या?"

"शाळेतल्या उरल्यात. नव्या आहेत अगं, एकही तडकलेली नाही."

ताईने एक लादी उचलली, उलटीसुलटी केली, परत ठेवली. "सवतीच्या ताटातलं उरलेलं मला वाढताय?"

"अगं, लाद्या आहेत त्या!"

"उष्टं ते उष्टं. घेऊन जा."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मी हातगाडीच्या चाकाकडे पाहिलं. गाडी वळवली. चढावर ढकलत परत शाळेत नेली. फादरांनी विचारलं तेव्हा भाऊजी म्हणाले, "माप बसलं नाही, फादर."

त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरात कामापुरतंच बोलणं. आणि त्यातच फादरांनी माडीचं काढलं. नवं वर्ष सुरू व्हायच्या आत वरच्या दोन खोल्या उभ्या हव्यात. भाऊजी हो म्हणून आले. येत्या शनिवारी सुरुवात.

गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. ताई कामावरून आली. केस वाफेने चिकटलेले, हातात थैली. पण आत आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने स्वतःच्याच दारावर टकटक केली.

"मिस्त्री आहेत का?"

भाऊजी हसले. "हे काय नाटक?"

"नाटक नाही, काम आहे. स्वयंपाकघराची जमीन. जुना कोबा फोडायचा, ढाळ धरायचा, लाद्या बसवायच्या. हिरव्या घेतल्यात, कोऱ्या. उद्या दुकानाची गाडी येईल. शनिवारी सुरुवात. हा विसार." तिने नोटा पुढे केल्या.

इथे एक सांगायला हवं. भाऊजींचा एक नियम होता आणि तो आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक होता. विसार घेतला की ते काम संपेपर्यंत शनिवारी दुसरं काम नाही. मग बोलावणारा सख्खा असो की सावकार. ताईलाही तो ठाऊक होता. इतकी वर्षं तिने बायको म्हणून मागितलं होतं. आता ती गिऱ्हाईक होऊन आली होती.

"अगं, घरच्या कामाला कसला विसार?"

"घरचं म्हणूनच पडून राहिलं. घेताय की दुसरा मिस्त्री बघू? हा काय, माझा भाऊ बसलाय. त्याला देते." आणि नोटा माझ्याकडे वळवल्या.

भाऊजींच्या कपाळावर पहिल्यांदा आठी दिसली. "याला? याला ढाळ धरता येतो का?"

"येतो," मी म्हणालो. येतोच. हे लिहून ठेवतो.

"याने बसवलेल्या लाद्यांवर बसून मी जेवायचं?" भाऊजी उठले. तिच्या हातून नोटा घेतल्या, घडी केली, खिशात घातल्या. आता मागे फिरणं नाही. ताई मगच उंबरा ओलांडून आत आली.

शनिवारी सकाळी कोबा फोडायला घेतला. माल कालवायला मी. ताई स्टूल टाकून दारात बसली, हातात काही काम न घेता. भाऊजी घण मारत होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती.

थोड्या वेळाने फादर आले. "मिस्त्री, तिकडे माणसं खोळंबलीत."

भाऊजी गुडघ्यांवर होते. त्यांनी ताईकडे पाहिलं.

"चहा घेणार का फादर?" ताई म्हणाली. "बसा. फक्त आत पाय देऊ नका, फोडलंय."

"बाई, हे काम आजच्या आज होईल ना?"

"नाही. मिस्त्रींना घाई केलेली मला चालत नाही."

"पण शाळा... मुलं..."

"शाळेचं काम देवाचं, फादर. देव थांबतो. माझा विसार दिलेला आहे."

फादरांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी म्हणाले, "घेतलाय, फादर." आणि घण उचलला. फादर चहा न घेता गेले. शाळेचा जो इतिहास पुढे छापला त्यात एक वाक्य आहे, 'काही अपरिहार्य कारणांमुळे माडीचे काम लांबले.' ते अपरिहार्य कारण माझी बहीण.

कितीतरी शनिवार ते काम चाललं. भाऊजींनी खालची माती पार उकरली, धुम्मसाने ठोकली, पुन्हा भरली. स्वतःच टाकलेल्या कोब्याला शिव्या घातल्या. ताई रोजंदारीच्या मिस्त्रीला विचारावं तसं विचारायची, "ही रेघ सरळ आहे का?" ते पाणसळ लावून दाखवायचे. दुपारी दोघं उंबऱ्यावर शेजारी बसून जेवायची. मला वाढून झालं की मी माझं ताट घेऊन अंगणात जायचो.

शेवटच्या दिवशी ताईने उरलेली मजुरी पुढे केली.

"राहू दे गं," भाऊजी म्हणाले.

"घ्या. नाहीतर उपकार व्हायचे."

त्यांनी घेतली.

पुढचा शनिवार शाळेचा झाला. ताईची असूया गेली असं मी म्हणणार नाही. माडीच्या उद्घाटनाला ती आली, सगळ्यांबरोबर वर चढली, खाली वाकून लाद्या पाहिल्या आणि माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या जास्त सरळ आहेत." होत्याही.

शेजारच्या शिवणवालीला मात्र ते पटलं नव्हतं. ती ताईला म्हणाली, "एवढी वर्षं चादरी पिळून जमवलंस आणि सगळं जमिनीत घातलंस? वर घरच्याच माणसाला मजुरी?"

"जमीन स्वस्तात झाली गं," ताई म्हणाली. "पैसे गेले ते शनिवारांना."