पाकिझेमावशीचं तांब्याचं वाडगं

अक्चेदेरेतल्या बायका पाकिझेमावशीला वचकून असायच्या, आणि त्याला कारणही तसंच होतं. गावच्या हमामात तिनं एकतीस वर्षं बायकांची अंगं चोळली होती. कुणाच्या पाठीवर कुठे तीळ आहे, कुणाच्या पोटावर किती बाळंतपणांच्या रेघा आहेत आणि त्यांतल्या किती सासरी ठाऊक आहेत, हे सगळं तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. नगराध्यक्षांच्या बायकोनं एकदा बाजारात तिला बघून न बघितल्यासारखं केलं. मावशी भाजी निवडता निवडता एवढंच म्हणाली, "गुडघ्यामागचा गजकर्ण बसला का गं?" तेव्हापासून नगराध्यक्षीणबाई रस्ता ओलांडून येऊन सलाम करायला लागल्या.

पण तिचा खरा दरारा होता तो तिच्या तांब्याच्या वाडग्यामुळे. आमच्याकडे सून बघायची ती हमामातच. चेहरा रंगवता येतो, कंबर आवळता येते, पण वाफेत बसलेली मुलगी जशी असेल तशी दिसते. तरीही सासूला खात्री हवी असायची. मग ती हळूच मावशीकडे बघायची. मावशी तोंडानं चकार शब्द काढत नसे. अंगावर पाणी ओतायच्या वाडग्यानं ती संगमरवरी ओट्यावर ठोका द्यायची. एक ठोका म्हणजे डोळे मिटून सून करून घ्या. दोन ठोके म्हणजे पुढचं घर बघा. सख्ख्या भाचीला तिनं दोन ठोके दिले होते. बहीण सहा वर्षं बोलली नाही. सातव्या वर्षी भाची नवऱ्याच्या डोक्यात तवा घालून माहेरी आली, तेव्हा बहीण गुपचूप बकलावा मिठाईचं ताट घेऊन आली.

मग घरोघरी न्हाणीघरात गॅसचे बंब आले. हमाम ओस पडलं, बंद झालं आणि तिथे स्पंजच्या गाद्यांचं दुकान निघालं. वर्षभर मावशी त्या रस्त्यानं गेली नाही. बाजाराला जायचं तर मशिदीला वळसा घालून जायची. शेवटी नगराध्यक्षांना दया आली की भीती वाटली कोण जाणे, पण त्यांनी खटपट करून तिला संग्रहालयात राखणीची नोकरी लावून दिली.

आता गंमत बघा. हे संग्रहालय भरवलेलं होतं रोमन लोकांच्या सार्वजनिक स्नानगृहात. म्हणजे मावशी फिरून पुन्हा हमामातच आली. फरक एवढाच की इथलं पाणी पंधराशे वर्षांपूर्वी तुटलं होतं. पहिल्याच दिवशी तिनं सगळ्या दालनांतून फेरी मारली, गरम खोलीच्या पोकळ भिंतीत कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाली, "भट्टीची हवा इथून फिरायची. आमच्या चेंगट मालकानं एवढं केलं असतं तर माझे सांधे वाचले असते." मग तिनं पुतळ्यांची हजेरी घेतली. छाती काढून उभ्या असलेल्या सम्राटाच्या मांडीवर चापट मारून म्हणाली, "लोणी आहे नुसतं. हा चालत नसणार, ह्याला उचलून न्यायचे." कोपऱ्यात एक मुंडकं नसलेली देवी होती. तिला गावात बिनडोकी म्हणायचे. तिच्या पोटाकडे बघून मावशीनं निकाल दिला, "देवी कसली! हिला किमान तीन झालेली आहेत."

संग्रहालयाच्या प्रमुख होत्या बेरीनबाई. अंकाराहून आलेल्या, तेहेतीस वर्षांच्या, अविवाहित, आणि नियमांच्या पक्क्या. त्यांनी मावशीला एक खुर्ची दिली आणि तीन नियम दिले. खुर्ची सोडायची नाही, कशाला हात लावायचा नाही, आणि आलेल्या माणसांशी एक शब्द बोलायचा नाही.

"आणि ते वाडगं कशाला आणलंत मांडीवर?"

"हातात काही नसलं की हात थरथरतात, बाईसाहेब."

बाईंनी वाडग्याला परवानगी दिली. तिथेच फसल्या.

ऑक्टोबरात जिल्ह्याच्या कचेरीतून पत्र आलं. वर्षअखेरपर्यंत हजार तिकिटं खपली नाहीत तर पुतळे जिल्ह्याच्या गावी हलवून दाराला कुलूप लावायचं. तोवर खपली होती सहाशे अकरा. बेरीनबाईंना फार तर बदली मिळाली असती. मावशीचं एक हमाम मात्र तिच्या डोळ्यांदेखत गादीवाल्याच्या घशात गेलं होतं. दुसरं जाऊ द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवून टाकलं. कसं, ते ठरायचं होतं.

दर गुरुवारी चार-पाच बायका एखाद्या नटलेल्या मुलीला घेऊन संग्रहालयात यायच्या आणि गरम खोलीत तासतासभर रेंगाळायच्या. बेरीनबाईंना वाटे, गावाला इतिहासाची गोडी लागली. कसला इतिहास! हमाम बंद पडल्यावर बायकांनी मुली बघायचा कार्यक्रम तिथे हलवला होता. वाफ नव्हती आणि अंगावर कपडे होते, पण ओटा होता, मावशी होती आणि वाडगं होतं. रिवाज मोडला असं कुणाला म्हणता आलं नसतं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी शेजारच्या कराओव्याहून सबाहतबाई यायच्या होत्या. सुक्या अंजिरांच्या बड्या व्यापाऱ्याची बायको. थोरल्या दोन्ही सुना मावशीच्या एकेका ठोक्यावर केलेल्या. आता राहिला होता धाकटा नेज्देत. त्याच्यासाठी बेकरीवाल्याची फेराये दाखवायची ठरली होती. निरोप असा होता की मुलगी दहा वाजता बिनडोकीपाशी उभी असेल, अंगात निळा स्वेटर.

त्याच सुमारास बेरीनबाईंना जिल्ह्याच्या कचेरीतल्या मैत्रिणीनं फोनवर कुजबुजून सांगितलं होतं, "तपासनीस पाठवताहेत. बाई आहे म्हणे, जाडजूड. ओळख न देता येणार. जपून."

दहाला पाच कमी असताना फेराये आली, पुतळ्यापाशी उभी राहिली, आणि सबाहतबाईंची लोकरी कोटातली भरभक्कम आकृती दारात दिसताच घाबरून थंड खोलीतल्या खांबामागे पळाली. तेवढ्यात बेरीनबाई बिनडोकीची वाकडी झालेली पाटी सरळ करायला आल्या. त्यांच्याही अंगात निळा स्वेटर होता.

सबाहतबाईंनी बेरीनबाईंना आपादमस्तक न्याहाळलं. मुलगी एकोणीस वर्षांची सांगितली होती. पण वयाबाबत मध्यस्थानं कधी खरं सांगितलंय?

"तूच का गं इथली?" त्यांनी विचारलं.

"हो, मीच," बेरीनबाई एकदम ताठ झाल्या. जाडजूड बाई, तीक्ष्ण नजर, ओळख नाही. आलीच तपासनीस. "सगळं मीच सांभाळते. झाडलोटीपासून हिशेबापर्यंत."

"एकटी?"

"एकटीच."

"नजर न लागो! जरा चालून दाखव बघू, त्या ओट्यापर्यंत."

बेरीनबाईंना वाटलं, फरशीची तपासणी असेल. चालून दाखवलं. परत आल्यावर सबाहतबाईंनी खिशातून अक्रोड काढला. "फोड. दातांनी."

असली तपासणी कुठल्याही नियमावलीत नव्हती. पण नोकरीचा आणि संग्रहालयाचा प्रश्न होता. बेरीनबाईंनी अक्रोड दाढेखाली धरला. काडकन आवाज गरम खोलीच्या घुमटात घुमला. फेराये खांबामागे तोंडात स्वेटरची बाही कोंबून हसत होती.

"आता ती पाटी वाच. मोठ्यानं."

बाईंनी पाटी वाचली, तोतरं न बोलता, चष्म्याशिवाय. मग सबाहतबाईंनी त्यांना एकदम छातीशी धरलं. श्वासाला वास येतो का ते बघायची ही जुनी रीत. बेरीनबाईंना मात्र वाटलं, आपण पास झालो.

पाकिझेमावशी खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. एक शब्द बोलली असती तर घोटाळा तिथेच मिटला असता. पण आलेल्या माणसांशी बोलायचं नाही, हा नियम तिनं केलेला नव्हता. सबाहतबाई सवयीप्रमाणे तिच्याकडे वळल्या आणि भुवई उचलली.

आजवर मावशीनं खोटा ठोका दिला नव्हता, तेव्हा तिनं बेरीनबाईंकडे नीट बघितलं. पाठ ताठ. दात पोलादी. कामाला वाघीण. कुणाची चहाडी नाही, स्वतःच्या पगारातून संग्रहालयाचं गळकं छप्पर शाकारलेलं. मुलगी म्हणून बघायची तर खोट काढायला जागा नव्हती. आणि कराओव्यात सबाहतबाईंचे नातेवाईक किती, हेही मावशीला ठाऊक होतं. त्यांतल्या निम्म्या जणींच्या पाठी तिनं चोळल्या होत्या.

तिनं वाडगं उचललं आणि ओट्यावर टणकन एक ठोका दिला.

पुढच्या गुरुवारी कराओव्याहून मिनीबस आली. अकरा आत्या-मावश्या, प्रत्येकीचं तिकीट, आणि वर लोकुम मिठाईची परात. सबाहतबाईंनी सगळ्यांदेखत बेरीनबाईंच्या गालाचा मुका घेऊन "माझी सून" म्हटलं, तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी मावशीचा दंड धरून तिला थंड खोलीत ओढलं.

"हे काय आहे, पाकिझेबाई?"

"बोलू का? नियम आहे."

"बोला!"

मावशीनं सगळं सांगितलं. फेरायेनं घरी 'पसंत पडले नाही' म्हणून कळवून टाकलं होतं, आणि सबाहतबाईंना तर बेकरीवालीपेक्षा संग्रहालयवालीच जास्त भावली होती. बाईंचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"खोटं बोललात तुम्ही!"

"मी बोललेच नाही. एक ठोका दिला. तुम्ही एका ठोक्याच्या आहातच. हवं तर आत्ता जाऊन नकार द्या. अकरा तिकिटं परत घेते."

बेरीनबाईंनी दारातून वाकून परातीभोवतीच्या अकरा जणी मोजल्या. मग खालच्या आवाजात विचारलं, "पुढच्या गुरुवारी कोण येणार आहे?"

"त्यांच्या मोठ्या जावेकडचे. बावीस."

"...त्यांना म्हणावं, पुतळ्यांजवळ बसून खाऊ नका. चिकट होतं."

आमच्याकडे होकार द्यायला घाई करणारी मुलगी हलकी समजतात. त्यामुळे बेरीनबाई विचार करत राहिल्या, आणि जितका विचार करत राहिल्या तितकी कराओव्यात त्यांची किंमत वाढत गेली. सबाहतबाईंकडच्या बायका झाल्या, मग पुरुष झाले, मग शेजारी. मग अक्चेदेरेच्या लोकांना वाटलं, आपल्या गावची नवरी कराओवावाल्यांनी बघितली आणि आपण नाही, हे काय? तेही तिकीट काढून आले. न्हाव्यानं तर दोनदा काढलं. डिसेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी फेरायेनं हजारावं तिकीट काढलं. मिनीबसच्या ड्रायव्हरशी तिचं जमलं होतं, आणि बेरीनबाई सबाहतबाईंच्या हातून सुटल्या तर नेज्देत पुन्हा आपल्या गळ्यात पडेल, म्हणून ती जिवापाड झटत होती.

ह्या सगळ्या गुरुवारी नेज्देतही येत होता. वय एकोणचाळीस. काचेच्या कपाटासमोर उभा राहून तो आतले मातीचे रोमन दिवे बघायचा नाही, काचेत बघून केस विंचरायचा. सूर्यफुलाच्या बिया फोडायचा आणि टरफलं एका रोमन सेनापतीच्या दगडी शवपेटीत टाकायचा. थर्मास आई धरायची, कोट आई धरायची. मावशी खुर्चीतून बघत राहायची. बोलायला मनाई होती, बघायला नव्हती.

वर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सबाहतबाई अंगठीच घेऊन आल्या. बेरीनबाईंनी स्वतः कॉफी करून आणली. एक घोट घेतल्यावर सबाहतबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साखरेच्या जागी मीठ होतं, मूठभर. नको असलेल्या स्थळाला आमच्याकडे असंच सांगतात, म्हणजे कुणाला अपमानाचा शब्द उच्चारावा लागत नाही.

सबाहतबाईंनी डोळे पुसले. कप शेवटपर्यंत संपवला, कारण त्या खानदानी बाई. मग खांदे पडलेल्या अवस्थेत त्या मावशीकडे वळल्या. इतक्या गुरुवारांनंतर त्यांच्या नजरेत आता भुवई उचलण्याची ऐट नव्हती.

मावशीनं वाडगं उचललं. टण. टण.

"दोन?" सबाहतबाई ताडकन म्हणाल्या. "नोव्हेंबरात एक होता! ह्या मुलीचं दोन महिन्यांत काय बिघडलं?"

मावशीनं बेरीनबाईंकडे बघितलं. बेरीनबाईंनी मान हलवून परवानगी दिली. मग ती बोलली.

"मुलीचा एकच, बाईसाहेब. तो अजून तसाच आहे. हे दोन तुमच्या नेज्देतचे."

मुलासाठी वाडगं वाजल्याचं अक्चेदेरेत कुणी ऐकलं नव्हतं, कराओव्यात तर नाहीच. तेवढ्यात पलीकडून सेनापतीच्या शवपेटीत टरफलं पडल्याचा आवाज आला. सबाहतबाईंनी तिकडे बघितलं. मग अंगठीची डबी पर्समध्ये टाकून त्यांनी पर्स खटकन मिटली.

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस, पाकिझे. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मुलींच्या दातांखाली अक्रोड ठेवत फिरले."

"कुठून सांगणार? मोठा झाल्यावर मी त्याला पाहिलाच नव्हता," मावशी वाडगं मांडीवर ठेवत म्हणाली. "शेवटचा तुमच्याबरोबर हमामात बायकांच्या दिवशी आला तेव्हा सात वर्षांचा होता. तेव्हाही ओट्यावर पाय पसरून बसला होता, आणि त्याच्या डोक्यावर पाणी तुम्हीच ओतत होतात."